लयीचा खेळ आणि खालीची मात्रा

संगीताचे शिक्षण आरंभी रुक्ष असते, ही तक्रार फार जुनी आहे. ज्या घरी मुलांनी पेटीसमोर बसून अलंकार घोटले आहेत, त्या घरातील वडील मंडळींस ती नव्याने सांगण्याचे कारण नाही. पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्या महिन्यात शिकवणीच्या वेळीच मुलाचे पोट दुखू लागते. आणि वर्ष सरण्याच्या आत पेटीवर कापडी खोळ चढते, ती बहुधा कायमची. या दुखण्यावर अलीकडे एक नवे औषध निघाले आहे. मोबाइलच्या पडद्यावर वरून खाली रंगीत पट्ट्या घसरत येतात. पट्टी खालच्या रेषेस टेकताच मुलाने नेमकी कळ दाबावी, म्हणजे सूर उमटतो, गुण वाढतात आणि पडद्यावर चांदण्या झळकतात. अशा खेळांच्या साहाय्याने पियानो हसतखेळत शिकता येतो, असे त्यांच्या कर्त्यांचे म्हणणे आहे. ते कितपत खरे मानावे, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

या प्रश्नाची थट्टा करून चालणार नाही. मुंबईपुण्याच्या मुलास पियानोचा शिक्षक मिळतो, लंडनच्या संगीतसंस्थांच्या परीक्षाही देता येतात. पण निफाड तालुक्यात, गोदेच्या काठी वसलेल्या सायखेड्यासारख्या गावातील मुलाने काय करावे? द्राक्षे आणि कांदा यांच्या हंगामावर ज्या घरांचे वर्ष चालते, तेथे पियानो येणे कठीण आणि पियानो शिकविणारा येणे त्याहून कठीण. मोबाइल मात्र घरोघर पोचला आहे. तेव्हा अशा मुलापुढे चांगला गुरू आणि खेळ यांतून निवड करण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. हा खेळ किंवा काहीच नाही, असा त्याच्यापुढचा पर्याय असतो. म्हणूनच या खेळाची परीक्षा अधिक काळजीने केली पाहिजे.

प्रथम या वस्तूची कुळकथा थोडक्यात पाहू. लयीवर बेतलेले हे खेळ मूळचे जपानचे. १९९६ साली 'पॅरापा द रॅपर' आणि १९९७ साली कोनामी कंपनीचा 'बीटमेनिया' हे खेळ निघाले आणि तेथून ही जात वाढली. २००५ साली अमेरिकेत 'गिटार हिरो' आला. त्यात प्लॅस्टिकची गिटार आणि तिच्यावर पाच रंगीत बटणे असत. तिच्यातून स्वतःचा असा एकही सूर निघत नसे. पुढे २०११ साली 'रॉकस्मिथ' या खेळाने खऱ्या गिटारीची तार यंत्रास जोडली आणि खेळणे व वाद्य यांतील अंतर पुष्कळ कमी केले. पियानोच्या बाबतीतही हे दोन्ही प्रकार आढळतात. परंतु पालक त्यांस एकाच मापाने मोजतात आणि तेथेच पहिली चूक होते.

पहिला प्रकार निव्वळ काचेवरचा. २०१४ साली गाजलेला 'पियानो टाइल्स' हा त्याचा नमुना होय. पडद्यावर चार उभे रकाने असतात, त्यांतून काळ्या फरश्या खाली येतात, प्रत्येकीस बोट लावावयाचे आणि पांढऱ्या जागेस चुकूनही शिवावयाचे नाही. बोट लागले की ठरलेल्या चालीतील पुढचा सूर वाजतो. वरवर पाहता मूल पियानो वाजवीत आहे असा भास होतो. परंतु जरा लक्ष दिले तर दिसून येईल, की फरशी डावीकडची असो की उजवीकडची, तिचा सुराच्या उंचीशी काही संबंध नाही. पियानोवर किंवा पेटीवर हात उजवीकडे सरकला की सूर चढतो, ही पहिल्या दिवशी कळणारी गोष्ट होय. या खेळात वर्षभर रमलेल्या मुलास तीही कळण्याचे कारण नाही. बोटांची चपळाई येथे खचित वाढते. परंतु ती टंकलेखन शिकूनही वाढली असती.

दुसरा प्रकार खऱ्या वाद्याशी जोडलेला. २००६ च्या सुमारास 'पियानो हिरो' या नावाने निघालेले आणि पुढे 'सिंथेशिया' या नावाने प्रसिद्धीस आलेले साधन या प्रकारचे. येथे पडद्याच्या तळाशी पियानोच्या पट्ट्यांची संपूर्ण रांग काढलेली असते आणि वरून येणारी प्रत्येक रेघ आपापल्या पट्टीवर उतरते; मुलाने आपल्या कीबोर्डवर तीच पट्टी दाबावयाची. रेघ लांब असेल तर सूर लांबवावयाचा. ही युक्ती पाहताच जुन्या पियानोलाची आठवण होते. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेच्या सधन घरांतून भोके पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारे पियानो असत. पायाने भाता मारावा, कागद वरून खाली सरकावा आणि प्रत्येक भोकाबरोबर एकेक सूर आपोआप वाजावा, अशी ती रचना. तेथे कागद पियानोस वाजवीत असे. येथे तोच कागद मुलास वाजवितो, एवढाच काय तो फरक.

तिसरा प्रकार स्वतःस शिक्षक म्हणविणारा. इस्रायलमधील, पूर्वी जॉयट्यून्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे 'सिम्पली पियानो' आणि फिनलंडमधील 'युजिशियन' ही त्यातील नामांकित नावे. ही अ‍ॅपे मोबाइलच्या मायक्रोफोनातून आपल्या घरातील वाद्याचा आवाज ऐकतात आणि सूर बरोबर लागला की नाही ते तत्काळ सांगतात. पाठ क्रमवार असतात, आणि 'सिम्पली पियानो'त तर पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपीही हळूहळू वाचावयास लावतात. हा गुण मोठा आहे. ज्या मुलास लिपी वाचता येऊ लागली, ते उद्या अ‍ॅप सोडूनही चालू शकेल. दोष असा, की मायक्रोफोनास आवाज ऐकू येतो, मनगट दिसत नाही. बोटे ताठ आहेत, खांदे वर चढले आहेत, अंगठा खाली लोंबतो आहे, या गोष्टी साधा शिक्षक दाराशी उभा राहूनच ओळखतो.

या तिन्ही प्रकारांस लागू पडणारा आणखी एक आक्षेप येथेच नोंदवितो. इ. स. १७०० च्या आसपास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य घडविले, तेव्हा त्याचे वैशिष्ट्य म्हणजे ते हळू आणि मोठ्याने अशा दोन्ही रीतींनी वाजे. 'पियानो' या शब्दाचा अर्थच मुळी हळू. बोटाचा भार कमीअधिक करून एकाच सुरास निरनिराळा भाव देणे हा या वाद्याचा प्राण होय. काचेच्या पडद्यास तो भार कळत नाही, स्वस्त कीबोर्डासही बहुधा कळत नाही, आणि पडद्यावरून घसरत येणाऱ्या रेघेतही तो लिहिलेला नसतो. मग मूल अंगाई आणि संचलनगीत एकाच जोराने वाजवू लागले, तर दोष मुलाचा नव्हे.

परंतु हे झाले सुराविषयी. या खेळांचा खरा दावा लयीवर आहे, आणि त्या दाव्याची परीक्षा मला गेल्या उन्हाळ्यात अकल्पितपणे पाहावयास मिळाली. सायखेड्यास एका आप्ताच्या घरी चार दिवस मुक्काम होता. त्या घरातील नऊ वर्षांची मुलगी वडिलांच्या मोबाइलवर हे फरश्यांचे खेळ खेळण्यात अतिशय पटाईत. तिची बोटे इतक्या वेगाने फिरत, की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. तिचे आजोबा गावच्या भजनात पखवाज वाजविणारे. एका संध्याकाळी ओटीवर बसले असता ते कौतुकाने तिला म्हणाले, "एवढी हुशार आहेस, तर त्रिताल हातावर धरून दाखव बघू." त्यांनी सोळा मात्रा मोजून दाखविल्या: पहिलीवर, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी, नववीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळाच बाजूस झुलवावयाचा. मुलीने चटकन सुरुवात केली. पाचवीपर्यंत सर्व ठीक चालले. नववी मात्रा आली आणि तिने तेथेही टाळी वाजविली. आजोबांनी पुन्हा समजाविले. दुसऱ्या खेपेस ती नववीवर अजिबात थांबली आणि पुढची मात्रा हुकली.

"आबा, इथं काही वाजतच नाही, मग मी थांबू का?"

"थांबायचं नाही बाई. हात मोकळा सोडायचा, पण मात्रा सोडायची नाही."

माझ्या मते या खेळांवरील सर्व टीकेचे सार आबांच्या या एका वाक्यात आले आहे. खेळ मोजतो ते आघात. जेथे पट्टी आहे तेथे बोट पडले, की गुण. जेथे पट्टी नाही ती जागा त्याच्या लेखी शून्य. दोन पट्ट्यांच्या मधल्या काळात मूल काय करते? डोळे वर लावून पुढच्या पट्टीची वाट पाहते. त्या वाट पाहण्यात मात्रा नसतात, मोजणे नसते, आतून चालणारी लय नसते. ती सर्व जबाबदारी पडद्याने उचललेली असते. म्हणूनच पडद्यासमोर शंभरात शंभर गुण मिळविणारी मुलगी ओटीवर, पडद्यावाचून, नवव्या मात्रेशी अडखळली. तिच्या बोटांस वेळेवर पडण्याची सवय झाली होती. वेळ धरण्याची झाली नव्हती.

आपल्या तालशास्त्राने या रिकाम्या जागेस केवढा मान दिला आहे! खालीच्या विभागात डग्ग्याची घुमणारी आस मावळते, 'धिं'च्या जागी 'तिं' येतो, आणि गाणारास न पाहताही कळते, की अर्धे आवर्तन सरले, आता समेकडे वळावयाचे. पंडित भातखंडे यांनी तालाच्या चिन्हांत समेस फुली आणि खालीस शून्य दिले. म्हणजे शून्यही लिहूनच दाखविले. पाश्चात्त्य लिपीतही विरामास स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि पियानोचा चांगला शिक्षक त्या विरामातही मुलाकडून मोठ्याने मोजून घेतो. तेव्हा हा झगडा पूर्व आणि पश्चिम यांचा आहे असे कोणी समजू नये. घसरत्या पट्ट्यांच्या खेळाने दोन्ही परंपरांवर सारखाच अन्याय केला आहे. पाच रेषांची लिपी दाखविणारी अ‍ॅपे यातून काहीशी सुटतात, ती याच कारणाने: तेथे निदान विराम डोळ्यांस दिसतो.

दुसरी उणीव समेची. पडद्यावरील पट्ट्या वरून येतात आणि खाली नाहीशा होतात. ती एक सरळ वाट आहे, तीवरून परत येणे नाही. ताल हे वर्तुळ होय. पहिल्या मात्रेवरून निघावे आणि फिरून पहिल्या मात्रेवरच यावे, आणि येण्याच्या आधीच सर्वांस तिची चाहूल लागावी, यात त्याचा आनंद आहे. किंबहुना खेळ म्हणून पाहिले तर आपल्या तालात जेवढा खेळ आहे तेवढा या पडद्यावर नाही. तिहाईचेच उदाहरण घ्या. पाच मात्रांचा एक तुकडा, शेवटी 'धा' असलेला, त्रितालाच्या तिसऱ्या मात्रेपासून सुरू करून लागोपाठ तीन वेळा वाजवावा. पंधरा मात्रा भरतात आणि शेवटचा 'धा' बरोबर समेवर येऊन पडतो. एक मात्रा पुढे किंवा मागे सुरू केला, तर सर्व डाव फसतो. हा हिशेब कोणत्या मुलास आवडणार नाही? आणि तो साधल्यावर ऐकणाऱ्यांच्या माना एकदम हलतात, त्यापुढे पडद्यावरच्या चांदण्यांची काय किंमत?

तिसरी उणीव वरवर पाहता सोय वाटते. 'सिंथेशिया'सारख्या साधनांत सरावाची अशी एक रीत असते, की योग्य पट्टी दाबली जाईपर्यंत पडदा थांबून राहतो. स्वर शोधण्यापुरती ही सोय ठीक; पण शिकणाऱ्यासाठी थांबणारी लय ही लयच नव्हे. गुरूही नवशिक्यासाठी गती उतरवितो. परंतु तो विलंबित करतो, खंडित करीत नाही. संथ चालीने चालणे आणि पावलोपावली उभे राहणे यांत जो भेद आहे, तोच येथे आहे. पालकांनी मुलास गती कमी करण्याची सोय अवश्य वापरू द्यावी, थांबून राहण्याची फार दिवस वापरू देऊ नये.

इतके दोष सांगितल्यावर हे साधन टाकाऊ आहे असे मी म्हणेन, अशी वाचकांची अपेक्षा असेल. परंतु तसे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. पेटीवर घेतले गेलेले आक्षेप आठवावेत. तिचे सूर बांधलेले, तिच्यात मींड नाही, ती कान बिघडविते, असे म्हणणारांत जाणत्यांची संख्या लहान नव्हती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या दारातून बाहेर काढले आणि ती बंदी काही दशके टिकली. आक्षेपांत तथ्य होतेच. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताच्या हाती तीच पेटी बोलू लागली, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत पहिला 'सा' तिनेच दिला.

विष्णु दिगंबर पलुसकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. विद्या गुरुमुखातून आणि गुरुगृही राहूनच मिळावयाची, अशा काळात त्यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. वर्ग, पुस्तके, लिपी आणि परीक्षा यांच्या वाटेने संगीत मध्यमवर्गाच्या घरात आणले. सायखेड्याहून जवळच असलेल्या नाशिकास त्यांनी पुढे रामनाम आधाराश्रम स्थापिला आणि तेथून रामनामाचे संगीत लोकांत पसरविले. पुस्तकावरून गाणे येत नाही हे पलुसकरांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ज्यास गुरू मिळणे शक्य नाही, त्यास दार तरी दिसावे, ही त्यांची दृष्टी होती. तीच दृष्टी ठेवली, तर अ‍ॅपासही दाराचा मान देण्यास हरकत नाही; मात्र दारालाच घर समजू नये.

आणि रंजनातून लय शिकविणे ही काही परदेशची नवलाई नव्हे. झिम्मा, फुगडी, टिपऱ्या, लेझीम यांत आमच्या मुली आणि मुलगे कोणी न शिकविता लयीत शिरत. वारीतील पावलीत तर शेकडो पाय एका मात्रेवर पडतात आणि एका मात्रेवर मागे येतात. या खेळांत गुण कोणी मोजीत नाही. पण पाऊल चुकले तर शेजारचीच्या पायावर पडते, आणि मग ती आपोआप सावरून घेते. लय दुसऱ्या माणसाबरोबर राखावयाची असते, हा धडा त्यात अनायासे मिळे. पडद्यासमोर मूल एकटे असते. चुकले तर यंत्र लाल रंग दाखविते आणि पुढे जाते. ते सावरून घेत नाही, आणि मुलासही कोणास सावरून घ्यावे लागत नाही. साथसंगतीचे सारे मर्म या सावरून घेण्यात आहे.

तेव्हा पालकांस माझे सांगणे चार गोष्टींचे. काचेवरच्या फरश्यांस करमणूक म्हणावे, शिक्षण म्हणू नये. शिकावयाचेच असेल तर लहानसा का होईना, पट्ट्या असलेला कीबोर्ड घ्यावा किंवा घरातील जुनी पेटी माळ्यावरून खाली काढावी, आणि क्रमवार पाठ देणारे अ‍ॅप त्याच्या जोडीस ठेवावे. प्रत्येक चाल बोटांवर घेण्याआधी मुलाने ती हाताने ताल देऊन, रिकाम्या मात्रांसह, मोठ्याने मोजावी. आणि चाल बसली असे पडद्याने सांगितले, की त्याच दिवशी पडदा बंद करून ती घरच्या माणसांसमोर वाजवावी. कोणी टाळी धरावी, कोणी गुणगुणावे. पडदा मालवल्यावर जे हातात उरते तेवढेच आपले, असा हिशेब ठेवल्यास फसवणूक होणार नाही.

या अ‍ॅपांच्या कर्त्यांसही एक सूचना करावीशी वाटते. सरळ घसरणाऱ्या पट्ट्यांऐवजी सोळा किंवा आठ मात्रांचे वर्तुळ काढणे त्यांस अवघड नाही. त्यात सम ठळक दाखवावी, खाली पोकळ दाखवावी, आणि आवर्तनाआवर्तनाला पडदा थोडा थोडा अंधुक करीत जावा. शेवटी पडद्यावर काहीच नसताना जो समेवर येईल, त्यालाच पूर्ण गुण द्यावेत. असा खेळ निघाला, तर त्याची शिफारस करण्यास मी पहिला असेन.

सायखेड्याहून निघण्याच्या आदल्या रात्री देवळात भजन होते. मुलगी आजोबांच्या शेजारी बसली होती. तिच्या हाती टाळ दिले नव्हते. ती मांडीवर हळूहळू मात्रा धरीत होती. एकदोन ठिकाणी चुकली, तेव्हा आबांनी पखवाजावरचा हात न थांबविता केवळ मानेने तिला सम दाखविली. परतल्यावर तिने मोबाइल मागितला, आणि तो तिला कोणी नाकारला नाही. खेळता खेळता तिचे ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकले, तर पडद्यावर एकही फरशी नसलेल्या जागी ती पुटपुटत होती: नऊ, दहा, अकरा, बारा.